लाइन लागली, बोलणं झालं नाही

"मी आजींना विचारलं," नवी डॉक्टर म्हणाली. आवाज चढवला नव्हता, कपाळावर आठी नव्हती; पाण्याचा पेला पुढे सरकवावा इतक्या सहज ती म्हणाली. पण टेबलाजवळच्या खुर्चीत बसलेल्या मुलीला ते लागलं. मुलगी म्हणायचं ते आपलं नात्यापुरतं. वय चोपन्न, कानांवरचे केस पिकलेले, नाकावरून घसरणारा चष्मा आणि मांडीवर हिरवी फाइल. त्या फाइलीत आईच्या अकरा गोळ्यांचा तक्ता होता: गोळीचं नाव, कधीपासून, किती, जेवणाआधी की नंतर. सहा वर्षं दर तीन महिन्यांनी ती आईला या दवाखान्यात आणत होती, आणि सहा वर्षं जुने डॉक्टर तिच्याकडेच बघून बोलत आले होते. "काय म्हणतायत आई?" असं ते तिला विचारायचे, ती सांगायची, ते लिहायचे. आई मागे, वजनकाट्याशेजारच्या खुर्चीत, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असायची. सगळं कसं सुतासारखं सरळ चाललं होतं. मग जुने डॉक्टर गुडघ्यांनी थकून घरी बसले आणि त्यांच्या जागी ही आली, पस्तिशीची, बिनइस्त्रीच्या कोटातली, संगणकाकडे न बघता बोलणारी. तिने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, मान तिरकी करून मागे बघितलं आणि विचारलं, "आजी, या सगळ्यांतली एखादी गोळी नकोशी वाटते का हो तुम्हाला?" त्यावर मुलगी श्वास सोडावा तसं बोलून गेली होती, "नाही, तिची काही तक्रार नाही. सगळ्या वेळेवर घेते." आणि मग ते वाक्य आलं होतं. मी आजींना विचारलं.

वर पंखा घरघरत होता. आईने आधी मुलीकडे पाहिलं, मग डॉक्टरकडे, मग भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडे, जणू उत्तर तिथे छापलेलं असावं. तिचा हात पिशवीच्या बाजूच्या कप्प्यावर होता. तो हात पुढे कितीतरी दिवस मुलीच्या डोळ्यांसमोर येत राहणार होता, पण त्या वेळी तिला एवढंच दिसलं, की कप्प्याची चेन अर्धी उघडी आहे आणि त्यातलं काहीतरी पडेल. "वकीलबाई सांगतात ते बरोबर आहे," आई शेवटी म्हणाली आणि हसली. घरात वकील कुणी नव्हतं. सातव्या वर्षी शेजारणीशी हुज्जत घालून आईची बाजू मांडली, तेव्हापासून हे नाव मुलीला चिकटलं होतं. पुढे तिने नोकरीही तशीच धरली. एका मोठ्या संस्थेत ती सभांची इतिवृत्तं लिहीत असे. वीस माणसं दोन तास एकमेकांवर ओरडली, की ती खाली लिहायची, 'सभासदांनी चर्चेअंती समाधान व्यक्त केले.' माणसाचं बोलणं त्याच्याकडून काढून घेऊन नीटनेटकं करून मांडायचं, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आईने तिच्या बाजूने कौल दिला तेव्हा तिला आत कुठेतरी सुखावल्यासारखं झालं. जिंकल्यासारखं. नंतर तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या सुखाची.

डॉक्टरने वाद घातला नाही. "बरं, मग मी सांगते, दोघी ऐका," म्हणाली आणि तक्त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "ही रात्रीची झोपेची गोळी. सहा वर्षांपूर्वी सुरू झालीय. इथे लिहिलंय, पंधरा दिवसांसाठी." "बाबा गेले तेव्हा," मुलगी म्हणाली. "हं. मग पंधरा दिवस संपले हे बहुतेक कुणी बघितलंच नाही." डॉक्टरचा सूर दोष देणारा नव्हता, उलट जुन्या डॉक्टरांची बाजू सावरून घेतल्यासारखा होता. "या वयात ही गोळी लवकर अंगातून जात नाही, सकाळपर्यंत रेंगाळते. मग डोकं जड, तोल जातो, आठवत नाही. एकदम बंद नाही करायची, तेही वाईट. अर्धी, मग पाव, असं करत दोन महिन्यांत सोडवायची. आणि ही अकरावी, विसरण्यावरची. त्या एका गोळीपायी ही दुसरी आली नाही ना, तेही बघायला हवं." मुलीने फाइल मिटली. "म्हणजे तुम्ही हात टेकलेत का?" असं तिच्या तोंडून निघून गेलं. डॉक्टर चकित झाली. "अहो, उलट. गोळी कमी करणं म्हणजे माणूस सोडून देणं नव्हे, ताई. तोही उपचारच असतो." मुलगी म्हणाली, "बघू. पुढच्या खेपेला ठरवू. घाई नको." डॉक्टरने पुन्हा एकदा मागे पाहिलं. "आजी?" आई म्हणाली, "घाई कुठली आलीय आता. अकरा नंबरला अकरा गोळ्या, आकडा तरी जुळतो." डॉक्टरला काही कळलं नाही. मुलीनेच समजावून सांगितलं, की आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होती, तिथे बायका एकमेकींना बसायच्या जागेच्या नंबरावरून ओळखत, आई अकरा. सांगून झाल्यावर तिला वाटलं, छान सांगितलं. तेही आईच सांगू शकली असती, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

'बंद' हा शब्दच तिला सोसत नव्हता. बाबांच्या शेवटच्या महिन्यात तो शब्द घरात शिरला तो पाहुण्यासारखा, आणि मग हातपाय पसरून राहिला. एक डॉक्टर यायचे, कागद बघायचे आणि म्हणायचे, ही आता बंद करू. दोन दिवसांनी, हीसुद्धा बंद. कुणी का म्हणून सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. बाबांच्या उशाजवळचं टेबल रिकामं होत गेलं आणि शेवटी त्यावर फक्त पाण्याचा पेला राहिला, त्यावर झाकण. ते रिकामं टेबल तिने मनात जपून ठेवलं होतं. आईच्या बाबतीत आपण असं होऊ देणार नाही, ही तिची प्रतिज्ञा होती, कुणाला न सांगता केलेली. अकरा गोळ्यांचा सात खणांचा डबा ती दर रविवारी भरायची तेव्हा एकेक गोळी म्हणजे दाराला घातलेली एकेक कडी वाटायची. गोळ्या चालू आहेत म्हणजे आई चालू आहे. असलं तर्कशास्त्र तिने दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर तिला हसू आलं असतं. ती वाचन असलेली बाई होती, शब्द तोलून वापरणारी. पण आपल्या माणसाच्या बाबतीत शहाणपण उंबऱ्याबाहेरच राहतं.

परत येताना टॅक्सी सिग्नलला थांबली होती. दुपारचं ऊन आईच्या मांडीवर पडलं होतं, आणि आई काचेतून पुढच्या गाड्यांच्या पाट्या वाचत होती. तिचा हा जुना खेळ, गाडीचा नंबर एक्स्चेंजवर कुणाचा होता ते सांगायचं. "चार दोन नऊ एक," ती म्हणाली, "हा सूतगिरणीच्या मॅनेजरचा. रोज साडेदहाला बायकोला फोन करायचा आणि म्हणायचा, काही विशेष नाही. तो पांढरा बघ, तीन तीन शून्य आठ. जनावरांचे डॉक्टर. आणि तो..." तिने शेकडो नंबर डोक्यात बाळगले होते, माणसं मेली, नंबर बदलले, एक्स्चेंज पाडून तिथे गाड्या ठेवायची जागा झाली, तरी. "आत्ता सगळे आठवतात बघ," आई म्हणाली. "दहानंतर आठवतात." मुलगी म्हणाली, "छान आहे की." ती फोनवर कार्यालयातला निरोप वाचत होती. छान आहे की, असं ती म्हणाली, आणि सिग्नल सुटला. त्या वाक्यात 'दहानंतर' हा शब्द होता. आई काही उगाच शब्द खर्च करणारी बाई नव्हती. आयुष्यभर परगावच्या ट्रंक कॉलच्या तीन मिनिटांच्या मापाने बोलणं ऐकलेली ती, तिच्या बोलण्यात पाल्हाळ नसायचा. दहानंतर म्हणाली म्हणजे दहाआधी काही होतं. पण हे सगळं मुलीला उशिरा, फार उशिरा सुचलं, जसा वादातला बिनतोड मुद्दा जिना उतरून गेल्यावर सुचतो.

वर्षापूर्वी एका सकाळी आई हातात फोन घेऊन बसली होती आणि आपल्याच घराचा नंबर तिला आठवत नव्हता. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मुलीने पाहिलं होतं. गर्दीत हात सुटलेल्या लहान पोरीसारखं. पुढच्या खेपेला तिने जुन्या डॉक्टरांना सांगितलं, "विसरभोळेपणा वाढलाय." डॉक्टरांनी अकरावी गोळी लिहिली. तिने तक्त्यात एक ओळ वाढवली. 'कधीपासून' या रकान्यात तारीख घातली, आणि तिला आपण काहीतरी केल्याचं समाधान वाटलं. आई त्या वेळीही वजनकाट्याशेजारी होती. तिथून ती म्हणाली होती, "सकाळचंच होतं हो तेवढं." जुने डॉक्टर म्हणाले, "वय, आजी, वय." आणि मुलगी हसली होती.

टॅक्सीतून घरी आल्या त्या संध्याकाळी वेगळं असं काही घडलं नाही. खालच्या मजल्यावर कुणीतरी कपाट सरकवत होतं. आईने टेबलावरची कात्री पुन्हा तिच्या जागी ठेवली, आणि मुलीला म्हणाली की तुझ्या खांद्याला वंगण लागलंय कशाचं तरी, टॅक्सीचं असणार. जेवण झालं. मुलीने डब्यातला रात्रीचा खण उघडून पुढे केला. आई त्यातल्या झोपेच्या निळ्या गोळीकडे बघत राहिली. "ही आज राहू दे का?" "आई, मनाने बंद करायची नाही. ती काय म्हणाली? एकदम बंद करणं वाईट." यात खोटं काही नव्हतं. डॉक्टर तसं म्हणालीच होती. तिने त्यातलं अर्धंच वाक्य उचललं होतं, इतिवृत्तात उचलतात तसं. आई म्हणाली, "बरं, वकीलबाई," आणि गोळी घेऊन घोटभर पाणी प्यायली. तिच्या गळ्याची हालचाल मुलीने नीट पाहिली, कारण गोळी गेली की नाही ते बघायची तिला सवय होती.

आईच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंत सहा पावलं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आई त्यांतली चार चालली. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये काय झालं ते कुणाला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

माणसं आली, बसली, गेली. "सोनं झालं, खितपत पडली नाही," म्हणाली. "तू किती केलंस," असं सगळ्यांनी म्हटलं, आणि प्रत्येक वेळी ती मान हलवायची, कारण नाही म्हणायला फार बोलावं लागलं असतं. महिना गेल्यावर आली ती बारा नंबरची मावशी. ही आईच्या शेजारी बावीस वर्षं बसलेली ऑपरेटर, जाडा आवाज, हातात काठी, आणि काठी टेकण्याआधी शब्द टेकणारी. लिफ्ट बंद होती, ती तीन जिने चढून आली आणि दारातच म्हणाली, "तुझ्या आईने मरायला तिसरा मजला निवडला, माझा विचार केला नाही." मग खुर्चीत बसून तिने डोळे पुसले, चष्मा पुसला, पुन्हा डोळे पुसले. "अगं, आठ तास खांद्याला खांदा लावून बसायचो, पण तोंड बघायचो जेवणाच्या सुट्टीत. समोर सगळा बोर्ड, दोऱ्या, दिवे. मला तिचा डावा कान जास्त पाठ आहे, तोंडापेक्षा. त्या कानावर हेडफोन असायचा ना. तोच गेला पुढे." मुलीला ठाऊक होतं. डाव्या कानाने आईला ऐकू येत नसे. ठाऊक होतं, म्हणजे कुठेतरी नोंदवलेलं होतं. फाइलीच्या पहिल्या पानावर, बारीक अक्षरात.

मावशी म्हणाली, "तिचं काही असेल तर दे मला. साडी नको. लिहायचं वगैरे काही." म्हणून मुलीने आईची दवाखान्याची पिशवी पुढे आणली, महिनाभर तिला हात लावला नव्हता. बाजूच्या कप्प्यात, अर्ध्या उघड्या चेनच्या आत, रबर लावलेल्या पाच चिठ्ठ्या निघाल्या. जुन्या एक्स्चेंजच्या ट्रंक कॉलच्या कोऱ्या चिठ्ठ्या, कडा पिवळ्या पडलेल्या. निवृत्तीच्या दिवशी आईने एक गठ्ठा घरी आणला होता, किराण्याच्या याद्या लिहायला. प्रत्येकीवर आईचं उभं, घट्ट अक्षर आणि खाली कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेलं एक छोटं गोल. मुलगी म्हणाली, "गोळीचं चित्र काढलंय वाटतं." मावशीने चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. 

"गोळीचं कसलं डोंबलाचं," मावशी हळू म्हणाली. "आमची खूण आहे ही. तिरकी रेघ म्हणजे बोलणं झालं. फुली म्हणजे कॉल मागणाऱ्या पार्टीनेच तो रद्द केला. आणि नुसतं गोल म्हणजे लाइन लागली, बोलणं झालं नाही." तिने मोठ्याने वाचायला घेतलं, तिचा तो जाडा आवाज एकदम कामावरचा झाला, सपाट आणि स्वच्छ. "कोणाकडून: अकरा. कोणाला: डॉक्टर. हा खालचा मजकूर आमच्याकडे नसायचा, ही तिची भर. रात्रीची गोळी. सकाळी दहापर्यंत नंबर आठवत नाहीत. पाय आपले वाटत नाहीत. कमी करता येईल का. एवढंच आहे." दुसरी वाचली. तेच. तिसरी. तेच, फक्त 'येईल का'च्या ऐवजी 'येते का'. पाचही चिठ्ठ्यांवर दवाखान्यात जायच्या तारखा होत्या, सव्वा वर्षातल्या. पाचवीवर शेवटची. म्हणजे त्या दुपारी टॅक्सीतून घरी आल्यावर, मुलगी स्वयंपाकघरात असताना, आईने पेन्सिल शोधली होती आणि कोपऱ्यात गोल काढलं होतं. या पाचव्या गोलाची दोन टोकं मात्र एकमेकांना मिळाली नव्हती. पेन्सिल घसरली असेल. की आईला ते अजून पुरतं मिटवायचं नव्हतं, पुढच्या खेपेची वाट होती, हे आता कोण सांगणार.

"तुम्हाला माहीत होतं?" मुलीने विचारलं. "मला सांगायची की. रोज फोन व्हायचा आमचा, उजव्या कानावर. मी म्हटलं, अगं मग लेकीला सांग. तर म्हणे, तिने फाइल किती नीट ठेवलीय, तिला वाटेल माझं चुकलं. मी म्हटलं, बये, भीड भिकेची बहीण. तर हसली. म्हणाली, ती नवी डॉक्टर विचारते म्हणतात पेशंटला, तिला सांगेन." मावशीने चिठ्ठ्यांना पुन्हा रबर लावलं आणि मागितल्या होत्या तरी त्या स्वतः ठेवून घेतल्या नाहीत, मुलीच्या हातात दिल्या. "तू वाईट नाही केलंस गं. तुझा फक्त कान राहिला लाइनवर."

तो शब्दप्रयोग तिने पूर्वी ऐकला होता. नऊ वर्षांची असताना शाळेला सुट्टी होती म्हणून आईने तिला एकदा कामावर नेलं होतं. लांब खोली, बायकांच्या पाठी ओळीने, एकसारख्या वेण्या, आणि सगळ्यांचा मिळून एक गुंजारव. आईने एक दोरी उचलून भोकात खुपसली, म्हणाली, "बोला, लाइन दिली आहे," आणि एक खटका मागे ओढला. मग हात मांडीवर ठेवून गप्प बसली. "तू ऐकत नाहीस ते काय बोलतात?" मुलीने विचारलं होतं. तिला वाटत होतं, सगळ्या गावाच्या गोष्टी आईला कळतात. आई म्हणाली, "आपण जोडून द्यायचं आणि कान काढून घ्यायचा. आपला कान लाइनवर राहिला, की त्या दोघांचाही आवाज बारीक होतो. मग ती बिचारी ओरडत बसतात, तरी एकमेकांना ऐकू जात नाही." "का?" "विजेचं असतं ते. जास्त कान झाले की वीज वाटली जाते." तेव्हा तिला ही गोष्ट फुकट गेल्यासारखी वाटली होती. एवढ्या दोऱ्या हातात असून ऐकायचं नाही, मग उपयोग काय. आणि तेहतिसाव्या वर्षी, दोन बॅगा घेऊन, नवऱ्याचं घर सोडून ती दारात उभी राहिली, तेव्हा आईने एकही प्रश्न विचारला नव्हता. कपाटातले आपले कपडे डाव्या बाजूला सरकवले, अर्धी फळी मोकळी केली, आणि चहा ठेवला. तिने ते कितीतरी वर्षं आईच्या खाती उदासीनता म्हणून लिहिलं होतं. आईने कान काढून घेतला होता, एवढंच. तिला तिच्या आयुष्याशी मोकळेपणी बोलता यावं म्हणून.

दवाखान्यात ती पुढच्या आठवड्यात गेली. उरलेल्या गोळ्या परत घ्यायची पेटी तिथे दाराशीच होती; तिने त्यात पिशवी रिकामी केली, आणि डब्यात खडे पडावेत तसा आवाज झाला. तिथूनच परत फिरायचं असं ठरवून आली होती. पण काउंटरवरच्या बाईने सवयीने विचारलं, "आजी कुठेयत?" आणि मग लगेच आठवून जीभ चावली. "डॉक्टर आहेत. बसता का?" ती बसली. नंबर आला तेव्हा आत गेली. डॉक्टर उठून उभी राहिली, काही बोलली, ते तिला ऐकू आलं नाही असं नाही, पण पोचलं नाही. डॉक्टरने टेबलाजवळच्या खुर्चीकडे हात केला. मुलगी मागे गेली आणि वजनकाट्याशेजारच्या खुर्चीत बसली. आणि बसल्याबरोबर तिला कळलं. इथून टेबलाजवळच्या खुर्चीची पाठ दिसत होती, म्हणजे आईला सहा वर्षं तिची पाठ दिसत होती, तिचे पिकत जाणारे केस, तिचे हलणारे खांदे. संगणकाचा पडदा डॉक्टरच्या तोंडाच्या बरोबर आड येत होता. आणि डॉक्टरचा आवाज येत होता तो डाव्या बाजूने. तिने डाव्या कानावर हात ठेवून पाहिला. डॉक्टरचं बोलणं भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांसारखं झालं. सूर कळत होता, शब्द नाहीत. ही खुर्ची आईला कुणी दिली होती? कुणीच नाही. पहिल्या दिवशी मुलगी पुढे झाली, जवळची खुर्ची तिने घेतली, उरली ती आईला मिळाली.

तिने चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या आणि मावशीकडून ऐकलं होतं तसं, एकेक शब्द न बदलता, वाचून दाखवलं. गोळाबेरीज केली नाही. 'रुग्णाला त्रास होत होता' असं म्हणाली नाही. पाय आपले वाटत नाहीत, असंच म्हणाली. डॉक्टरने पाचवी चिठ्ठी बराच वेळ हातात धरली. मुलीने विचारलं, "त्या गोळीमुळे झालं का?" "तिच्यामुळेच असं मला म्हणता यायचं नाही," डॉक्टर म्हणाली. "तिच्यामुळे नाही, असंही म्हणता यायचं नाही. आणि त्या दिवशी ठरवलं असतं तरी त्या रात्री ती गोळी पोटात गेलीच असती, फार तर अर्धी. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये." "मग?" "मग काय. मलाही टोचतंय. त्यांचा हात पिशवीकडे गेलेला मी बघितला होता. मला वाटलं, तुम्हाला म्हणावं, ताई, दोन मिनिटं बाहेर बसता का. पण तुम्ही इतक्या तयारीने आलेल्या, फाइल, तक्ता. माझी पहिलीच भेट. भीड पडली. म्हटलं, पुढच्या वेळी म्हणू." डॉक्टरने चिठ्ठी खाली ठेवली. मुलीला मावशीची म्हण आठवली, पण ती बोलली नाही. भीड तिघींचीही होती, कुणी कुणाला ऐकवायचं.

तेवढ्यात दार ढकलून नर्सने डोकं आत घातलं, शेजारच्या खोलीत टाके काढायचे होते. "आलेच दोन मिनिटांत, तुम्ही बसा," म्हणून डॉक्टर गेली. खोलीत ती आणि दोन खुर्च्या. पंखा त्या दिवशीसारखाच घरघरत होता. बाहेर कुणीतरी खोकत होतं, कुणाची तरी मुलगी कुणाला तरी समजावत होती, "मी सांगते ना डॉक्टरांना, तू नको बोलू." ते ऐकून ती उठली. मागची खुर्ची उचलली, ओढली नाही, आवाज नको म्हणून; टेबलाजवळ आणली आणि आपली खुर्ची बाजूला करून तिच्या जागी अशी तिरकी ठेवली, की बसणाऱ्याचा उजवा कान डॉक्टरकडे यावा. संगणकाचा पडदा बोटभर बाजूला सरकवला. पाच चिठ्ठ्या तारखेप्रमाणे त्या रिकाम्या खुर्चीसमोर लावल्या, न मिटलेलं गोल सगळ्यात वर. फाइल काखेत घेतली. हे सगळं करताना तिला वेडेपणा वाटत नव्हता, उशीर वाटत होता; गाडी सुटून गेलेल्या फलाटावर सामान नीट रचणाऱ्या माणसासारखा. दारापाशी जाऊन तिने कडीवर हात ठेवला आणि वळून बघितलं.  आवाज नेहमीच्या बोलण्यासारखाच निघाला, जरा मोठा, उजव्या कानाला ऐकू जाईल इतका.

"बोल आई," ती म्हणाली. "मी बाहेर बसते."